दुबईचं मलम आणि हिरवा चुडा

एका लग्नसराईत पौडच्या माझ्या दवाखान्याला सिरक्यात मुरलेल्या कांद्याचा वास यायचा. पेशंट पायरी चढता चढता थबकायचे, नाक वर करायचे आणि दाराशी बसलेल्या कंपाउंडरला विचारायचे, "काय, डाक्टरनी खानावळ काढली का काय?"

आमचे कंपाउंडर वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. गावच्या जत्रेतल्या नाटकात दरवर्षी खलनायकाचं काम करायचे आणि बाकीचं वर्ष त्याच चेहऱ्यानं पुड्या बांधायचे. ते मान वर न करता म्हणायचे, "व्हय. आज पाया हाय."

बोकडाचा पाया नव्हता, माणसाचा पाय होता. त्या पायानं मला एक अख्खा उन्हाळा नाचवलं.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. पुण्याहून येऊन मी पौडला दवाखाना टाकला, त्याला दोन-तीन पावसाळे झाले असतील. बाजारात माझ्या शेजारी एक सोडून पलीकडे बांगड्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानावर चाची बसायची. बांगड्या भरणाऱ्या मुसलमान मणेर समाजातली ही बाई विधवा होती, एकुलत्या एका पोराची आई होती, आणि तालुक्यातल्या निम्म्या बायकांचे हात तिला तोंडपाठ होते. तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा तिला चाचीच म्हणायची. तिच्या पोरानं पिरंगुटकडच्या एका कारखान्यात वेल्डिंग शिकून घेतलं आणि तो आखातात गेला. तो ज्या देशात होता तो दुबई नव्हता. हे तो घसा कोरडा होईपर्यंत सांगायचा. पण मुळशीत तेव्हा समुद्रापलीकडचं सगळं दुबईच होतं, आणि तो कायमचा 'दुबईवाला' झाला.

तिकडे तो परांचीवरून पडला. नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन करून हाडावर स्टीलची पट्टी ठोकली, स्क्रू पिळले, बरेच दिवस ठेवून घेतलं आणि मग विमानात बसवून दिलं. पौडच्या एस.टी. थांब्यावर तो उतरला तेव्हा दोन्ही काखांत कुबड्या होत्या, कंडक्टरच्या हातात त्याचा टू-इन-वन टेपरेकॉर्डर होता आणि बॅग उतरवून घ्यायला अर्धा बाजार जमला होता.

त्या संध्याकाळी चाचीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. परदेशातून आलेला माणूस बघायचा, त्यातून जखमी, त्यातून पायात स्टील! प्रत्येकाला हात लावून बघायचं होतं. आमच्या लोहारानं तर खिशातून लोहचुंबक काढलं.

"अरे हे काय?" वेल्डर ओरडला.

"अस्सल हाय का बघतो. तिकडं बी लोक फसवत्यात."

चुंबक चिकटलं नाही. लोहाराच्या मते हा अस्सल मालाचा पुरावा होता आणि दुसऱ्या एकाच्या मते फसवणुकीचा. त्यावर दोघांची जुंपली. अशा थाटात सगळं चाललेलं असताना मी गेलो आणि पाय बघायला मागितला. चाचीनं लोकांना बाहेर काढलं. मी पट्टी उलगडली.

हिरवी! शेवटचा थर पोपटासारखा हिरवा होता. आणि वास कसा, तर गोडसर, उतरायला लागलेल्या द्राक्षांसारखा. हा वास मी कॉलेजात एकदा घेतला होता आणि आमच्या सरांनी तेव्हा बजावलं होतं, "हा विसरू नका. हा पुन्हा भेटला की तुमचा दिवस वाईट जाणार आहे."

"तिकडंही हिरवंच होतं," वेल्डर माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला. "मला वाटलं औषधाचा रंग असेल."

तिकडच्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही. हाड त्यांनी असं बसवलं होतं की एक्स-रे खिडकीला धरून मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. भानगड वेगळी होती. मोठ्या हॉस्पिटलात देशोदेशींची माणसं येतात, भारी भारी औषधं चालतात आणि त्या औषधांच्या माराला जे जंतू पुरून उरतात ते पहिलवान होतात. असा एक पहिलवान स्टीलच्या पट्टीआड दडून, तिकीट न काढता, विमानानं मुळशी तालुक्यात उतरला होता.

मी त्याला पुण्याला माझ्या सरांकडे नेलं. सर हाडांचे सर्जन. पू तपासायला पाठवला. प्रयोगशाळेत त्या जंतूपुढे एकेक औषध उभं केलं आणि त्यानं एकेकाला लोळवलं. जी इंजेक्शनं मी मोठ्या ऐटीत माझ्या काचेच्या कपाटात मांडून ठेवायचो, ती तर त्याच्या खिजगणतीतही नव्हती. एकच नवं इंजेक्शन टिकलं, तेही जपून द्यायचं, कारण जास्त झालं तर मूत्रपिंडं आणि कान बिघडणार.

सरांनी स्टीलची पट्टी काढली, मेलेलं हाड खरवडलं, पाय प्लॅस्टरमध्ये घातला आणि जखमेसमोर प्लॅस्टरला एक चौकोनी खिडकी कापली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्याला वॉर्डात ठेवणं मला जमणार नाही. आजूबाजूला ताजी हाडं बसवलेली माणसं आहेत, एकाचं दहाजणांना होईल. घरी ने. रोज जखम धू. जखम लाल झाली तर पाय त्याचा. हिरवीच राहिली तर गुडघ्याखाली काढावा लागेल. उशीर केलास तर ते रक्तात जाईल, आणि मग नुसत्या पायावर भागणार नाही."

हे सगळं वेल्डरनं ऐकलं असणार, कारण परत येताना जीपमध्ये, भूगाव मागे पडल्यावर, तो म्हणाला, "डॉक्टर, बसून वेल्डिंग करणारे बघितलेत मी. जमतं."

मी गिअर बदलला.

"पण अम्माला नका सांगू. ती लगेच म्हणेल, त्याच्याऐवजी माझा पाय काढा."

आता नाटकाचा दुसरा अंक. रंगमंच चाचीच्या दुकानामागची खोली. मध्ये खाट, खाटेवर वेल्डर, उशाला एक फळी आणि फळीवर त्यानं तिकडून आणलेला माल: अत्तराची बाटली, टॉर्च, साबणाच्या वड्या आणि पांढऱ्या मलमाचा एक भला मोठा डबा. डब्यावर अरबी अक्षरं होती. भाषा चाचीला येत नव्हती, पण अक्षरं कुराणातली, म्हणून डबा सगळ्यात उंचावर, जमिनीला कधी लागू द्यायचा नाही.

जखम धुवायला सरांनी सांगितला होता सिरका, म्हणजे व्हिनेगर, पाणी घालून पातळ केलेला. त्या हिरव्या जंतूला आंबट सोसत नाही. हे जुनं ज्ञान आहे, आणि नवी औषधं हात टेकतात तेव्हा जुनं ज्ञान कामाला येतं.

"सिरका?" चाची म्हणाली. "खायाचा सिरका? ह्ये कसलं डाक्टरी औषद? त्यापरीस दुबईला काय लावत व्हते ते विचारा की."

मी भाषण केलं. मला भाषण करायला फार आवडतं, हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. एक हात छातीवर ठेवून मी म्हणालो, "चाची, ह्या खोलीत आजपासून माझं राज्य. जखमेला मी आणि कंपाउंडर सोडून कुणी हात लावायचा नाही. आम्हीसुद्धा कोपरापर्यंत हात धुऊन. काढलेली पट्टी चुलीत जाळायची. भेटायला येणाऱ्यानं दारातून बघायचं, दारातून रडायचं आणि दारातूनच घरी जायचं."

"बराय," चाची म्हणाली. तिचा चेहरा इतका आज्ञाधारक होता की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रोज सकाळी दवाखान्यात सिरक्याचं पाणी कालवून मी आणि कंपाउंडर जायचो. प्लॅस्टरच्या खिडकीतून ते सोडायचो, उकळलेल्या फडक्यानं टिपायचो, इंजेक्शन द्यायचो. आणि मग कानांची परीक्षा. औषधानं ऐकू येणं कमी होत नाही ना, हे बघायला कंपाउंडर वेल्डरच्या पाठीमागे उभे राहून कुजबुजत आणि त्यानं ते मोठ्यानं म्हणून दाखवायचं. कंपाउंडर खलनायकच, साधं कशाला बोलतील?

"काय ऐकलं?" मी विचारायचो.

"दुबईच्या शेखनं मला उंटाच्या बदल्यात परत केलं."

"बरोबर. कान शाबूत आहेत."

माणूस हसला की जखम लवकर भरते, असं कुठल्या पुस्तकात नाही. पण तो हसायचा आणि भिंतीपलीकडे दुकानात बांगड्या किणकिणायच्या, आणि मला वाटायचं, जमतंय. जमतही होतं. आठवड्याभरात हिरवा रंग फिका झाला, कडेला लालसर दाणे दिसायला लागले. मी तुरेवाला फेटा बांधल्यासारखा बाजारातून फिरलो.

आणि एका सकाळी पट्टी पुन्हा हिरवी.

मी सिरका थोडा वाढवला. फिकं झालं, पुन्हा हिरवं झालं. फडकी दोनदा उकळली. कंपाउंडरच्या नखांची तपासणी केली, त्यांनी माझ्या नखांची केली. पाणी बदललं, भांडं बदललं. तीच रड. सकाळी आम्ही पहिलवानाला चीत करायचो आणि दुसऱ्या सकाळी तो दंड थोपटत उभा. सरांना पुण्याला जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"येत्या सोमवारी घेऊन ये," ते म्हणाले. "उपाशीपोटी आण."

उपाशीपोटी म्हणजे काय ते वेल्डरला समजावून सांगावं लागलं नाही. त्या दिवशी कंपाउंडर मागून कुजबुजले ते त्यानं न हसता, धडा म्हटल्यासारखं म्हणून दाखवलं.

सोमवार आला नव्हता, बाजाराचा दिवस होता, तेव्हा दवाखान्यात एक धनगर सासू आपल्या नव्या सुनेला घेऊन आली. घोटावड्याच्या पुढच्या माळावर त्यांची मेंढरं बसलेली. सासू काठीसारखी ताठ, आणि सून सोळा-सतरा वर्षांची, हळद अजून अंगावर, दोन्ही हातांत कोपराकडे चढलेला हिरवा चुडा. उजवं मनगट सुजून बांगड्या मांसात रुतल्या होत्या.

"चुडा भरताना काच फुटली, टोचली," सासू म्हणाली. "बारीक हुतं. आता बगा की, कसं झालंय. मी हळद लावली, पाला लावला. न्हाई हटत."

मी हात जवळ घेतला. हिरव्या बांगड्यांच्या खाली, मनगटावर, तोच हिरवा रंग. आणि तोच वास. उतरायला लागलेली द्राक्षं!

ही पोरगी वेल्डरला कधी भेटली नव्हती, माझ्या दवाखान्यात आली नव्हती. दुबईचा पहिलवान घोटावड्याच्या माळावर कसा पोचला? पण आधी हात.

"बांगड्या काढाव्या लागतील," मी म्हटलं. "नाहीतर रक्त अडेल. कापून काढतो."

"हात न्हाई लावायचा!" सासूनं काठी आपटली. "नव्या नवरीचा चुडा फोडता? माझा ल्योक जित्ता हाय!"

"अहो, फोडत नाही, फक्त..."

"कापली म्हंजे फुटलीच की. तुमच्या पुण्यात चालत असंल."

कंपाउंडर मध्ये पडले. "मावशे, फोडायची न्हाई. चुडा भरला कुनी?"

"चाचीनं."

"मंग चाचीच उतरवंल. जिनं भरला तिनं उतरवला, तर त्यात वंगाळ काय?"

सासूला हे पटलं. आम्ही चौघं वरातीसारखे चाचीच्या दुकानाकडे निघालो. वास माझ्या नाकात अडकलेला, डोक्यात गिरणी चालू, आणि दुकानाच्या पायरीशी मी जो थांबलो तो थांबलोच.

लग्नसराईची गर्दी होती. चाची मांडी घालून बसली होती, समोर एका पोरीचा हात, आणि मांडीत उघडा ठेवलेला तो पांढऱ्या मलमाचा डबा. एरवी तिथे साबणाच्या पाण्याची वाटी असायची. चाचीनं दोन बोटं डब्यात घातली, पोरीच्या हाताला मलम चोळलं, हाताचा तळवा मुडपला आणि बांगडी सरकन मनगटात उतरवली. पोरगी साधं 'आई गं'सुद्धा म्हणाली नाही.

"बघा डाक्टर, दुबईचं मलम!" चाची खुशीत म्हणाली. "साबनानं पोरींचं हात सुकत्यात. ह्यानं बांगडी कशी जाती, माहेरी निघाल्यागत!"

"चाची," मी अगदी हळू विचारलं, "रात्री हा डबा कुठं असतो?"

"कुटं म्हंजे? पोराच्या उशाला. अक्षरं हायेत त्याच्यावर, दुकानात खाली कुटं ठेवू?"

"आणि तुम्ही... त्याला लावता?"

ती थोडी घुटमळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "रातच्याला, पोराचा डोळा लागल्यावर. त्या खिडकीतनं जरासं आत सारते. रागवू नका. तुमी लावता सिरका, त्याची आग हुती, पोरगं दात खातं. आईच्यानं बघवत न्हाई. दुबईच्या दवाखान्यातलं मलम हाय, वाया कशाला घालवायचं?"

"ह्याच बोटांनी?"

"माझीच बोटं हायेत, डाक्टर. दुसऱ्या कुनाची आनू?"

झालं! सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. जखमेतून बोट, बोटातून डबा, मऊ ओलसर मलमात पहिलवानाचा संसार थाटलेला. रात्री तिथून पायात आणि दिवसा दुकानात येऊन, फुटक्या काचेनं जिथे वाट करून दिली तिथे, मनगटात. मी रोज सकाळी धुवायचो आणि ही माऊली रोज रात्री मायेनं पुन्हा पेरायची.

ओरडायला तोंड उघडलं, आणि गर्दीकडे बघून मिटलं. भर लग्नसराईत, दुकान बायकांनी भरलेलं. बांगडी म्हणजे सवाष्णीचं लेणं. ती भरणाऱ्या बोटांतूनच पू आला असं एकदा बाजारात पसरलं, तर चाचीच्या दुकानाची पायरी पुन्हा कोण चढणार? म्हणून मी नाटक करायचं ठरवलं. एक हात कमरेवर ठेवला, तोंड वेडंवाकडं केलं.

"चाची, माझी कंबर धरलीय हो. एवढा डबा मला देता का?"

औषध मागणाऱ्याला चाची नाही म्हणणारी नव्हती. तिनं झाकण लावून डबा लगेच पुढे केला. मी शेजारच्या दुकानातला रद्दी पेपर घेऊन त्यात तो धरला. चाची माझ्याकडे बघत राहिली.

"कंबर धरलीया," ती म्हणाली, "आन् डबा असा धरताय, मेलेल्या उंदरावानी?"

तिथेच माझा प्रयोग पडला. मी तिला आतल्या खोलीत नेलं, खाटेशी उभं केलं आणि जे होतं ते सांगितलं. जमेल तितकं हळू. वेल्डर कोपरावर उठून बसला.

"अम्मा! ते टाचांना लावायचं आहे! तिथं हवा कोरडी, सगळ्यांच्या टाचा फुटतात, म्हणून वॉर्डात देतात. जखमेचं नाहीच ते!"

चाचीनं आपली दोन बोटं समोर धरली आणि बघत राहिली. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं पहिलं विचारलं, "पाय?"

"सोमवारी ठरणार आहे."

पायाचं काय ठरणार होतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण पोराचा चेहरा बघून तिला कळलं. पदराचं टोक तिनं तोंडात धरलं, सोडलं. मग विचारलं, "आन् बाहेर ती धनगराची पोर? तिचा हात?"

"बरा होईल. वरवरचा आहे. पण बांगड्या आत्ता उतरायला हव्यात."

ती मागच्या अंगणात गेली. गरम पाणी आणि साबण घेऊन तिनं कोपरापर्यंत हात धुतले, माझ्यासारखेच, वर सिरकाही ओतून घेतला. मग सुनेला खाली बसवून तिचा हात डोक्यावर बराच वेळ उंच धरून ठेवला. सूज जरा बसल्यावर जखमेवर धुतलेलं फडकं ठेवून, साबणाच्या फेसातून, एकेक बांगडी उतरवली. एकही फुटली नाही. सगळ्या दोऱ्यात ओवून तिनं सासूच्या हातात दिल्या.

"देवापुढं ठेव. हात बरा झाला की ह्याच भरीन. डाव्या हातात चुडा हाय, उजव्याला पिवळा दोरा बांध."

सासू समाधानानं उठत होती. चाचीनं मला बोलायची संधीच दिली नाही. भरल्या दुकानात, बायकांच्या देखत, ती म्हणाली, "मावशे, बस जरा. पोरीचं दुखनं माझ्या ह्या बोटांनी आलंय. माझ्या पोराच्या जखमेचं मलमात गेलं आन् मलमातनं हिच्या हाताला. मला ठावं न्हवतं. आता ठावं झालं."

ज्या पोरीच्या हाताला मघाशी मलम चोळलं होतं, तिनं हात मागे घेतला. एक बाई पिशवी उचलून पायरी उतरली. मी भाषणाची जुळवाजुळव करायला लागलो, पण धनगर सासू माझ्याआधी बोलली.

"मेंढरांत खुरकूत आलं तर आमी काय कळप सोडून पळतो व्हय?" ती म्हणाली. "एकेकीचा पाय बगतो. ज्येला हाय ते बाजूला. हितं बसून तोंड पाडू नगंस. दुबईचं मलम कुनाकुनाला चोपडलं, आठवतंय का न्हाई?"

"एकेक हात आठवतोय."

"मंग जा की. हात बग एकेकीचा."

दुसऱ्या दिवशी भर लग्नसराईत चाचीनं दुकानाच्या फळ्या लावल्या आणि एस.टी. धरली. सिरक्याची बाटली आणि उकळलेली फडकी घेऊन कंपाउंडर सोबत. भुकूम, घोटावडे, पार नेऱ्यापर्यंत. दारोदार जाऊन ती म्हणायची, "माझ्याकडनं चूक झालीया, हात दावा." कुणी हसून हात पुढे केला, कुणी वर चहा पाजला. घोटावड्याला मात्र एका घरात आजीबाईंनी तोंडसुख घेतलं. पोराची घाण आमच्या पोरींना लावलीस, असं बरंच काही. कंपाउंडरनी मला ते नंतर साभिनय करून दाखवलं. चाची म्हणे उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "शिव्या मागनं दे. आदी हात दाव."

त्या घरात खरंच एक हात निघाला. नुकतंच टोचलेलं, कडेला हिरवी झाक. सिरक्यानं तो चार दिवसांत सुकला. आणखी एक भुकूमला. बाकीचे सगळे हात स्वच्छ.

मलमाचा नमुना मी पुण्याला पाठवला होता, त्यात तोच पहिलवान निघाला. उरलेलं मलम मी चुलीत जाळलं. पण त्याआधी चाचीनं डबा माझ्याकडून मागून घेतला, वरचा अक्षरांचा कागद पाण्यात भिजवून अलगद सोडवला आणि नदीवर जाऊन पाण्यात सोडला. टाचांच्या मलमाचा का असेना, अक्षरांचा काय दोष, असं ती म्हणाली.

सोमवारी पहाटे जीप निघाली. वेल्डर उपाशी होता. चाचीही उपाशी होती, रमजान नसताना. मीही नेमका चहा प्यायचं विसरलो होतो, आणि कंपाउंडरनी, त्यांच्याच शब्दांत, "आपलं सहज" काही खाल्लं नव्हतं. सगळी जीपच उपाशीपोटी ऑपरेशनला निघालेली. डबा गेल्यापासून मी रोज जखम बघत होतो आणि मला जे दिसत होतं त्यावर माझा विश्वास बसत नव्हता. त्या आधीही दोनदा मला तसंच दिसलं होतं.

सरांनी पट्टी उलगडली. खाली वाकले. वास घेतला, पुन्हा घेतला. चिमट्यानं कडेला टोचलं, तर थेंबभर लाल रक्त आलं आणि वेल्डर कळवळला. मी त्यांच्या चष्म्याकडे बघत होतो. दाराबाहेर चाचीचं दुवा पुटपुटणं थांबलं.

सर ताठ उभे राहिले आणि नर्सकडे वळून म्हणाले, "ह्याला चहा द्या. बिस्किटंही द्या."

वेल्डरला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि त्यानं टेबलावर पडल्या पडल्या दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाहेर मी चाचीला सांगायला गेलो तर मला, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा, एक वाक्य धड बोलता येईना. "चहा," एवढंच म्हणालो. तिला पुरलं.

पुढे सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. हाड जुळायला पावसाळा गेला, दिवाळी गेली. पाय बोटभर आखूड राहिला. धनगराच्या सुनेचा हात त्याच्या कितीतरी आधी बरा झाला आणि त्याच ओवलेल्या बांगड्या चाचीनं तिला पुन्हा भरल्या, साबणाच्या पाण्यानं. सासूनं त्या दिवशी माझ्यासाठी घोंगडीचा तुकडा आणला होता, तो मी अजून जीपच्या, आता मोटारीच्या, सीटवर टाकतो.

आणि मग प्लॅस्टर उतरल्यावर एका बाजाराच्या दिवशी वेल्डर कुबडी न घेता घरातून बाहेर पडला आणि बाजारातून चालत माझ्या दवाखान्याकडे निघाला. एका बाजूला जरा झुकत, पण स्वतःच्या दोन पायांवर. बाजार पुन्हा जमला. पुन्हा प्रत्येकाला हात लावून बघायचं होतं. पण दुकानाच्या पायरीवर चाची उभी होती, बादली, तांब्या आणि साबणाची वडी घेऊन, आणि तिच्या पलीकडे कुणालाही जाता येत नव्हतं. वाणी, शिंपी, एस.टी.चा कंडक्टर, सगळे मुकाट्यानं रांगेत हात धूत होते.

रांगेच्या शेवटी लोहार होता. हात धुऊन झाल्यावर त्यानं खिशातून लोहचुंबक काढलं.

"आता काय बघतोस?" चाची म्हणाली. "पट्टी काढली त्याची. आत काय बी न्हाई."

"तरी बी बगतो. तिकडची मानसं हुशार. एखादा खिळा ठेवला असंल."

चाचीनं तांब्या भरून पुढे धरला. "त्ये चुंबक बी धू."